हातगुण

७ जानेवारी १९७४, सोमवार

पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडले. पडताना काचेचं काही फोडलं नाही, एवढीच आजची कामगिरी.

शुद्धीवर आले तेव्हा सोजरबाई तोंडावर पाणी मारत होती. प्रयोगशाळेची झाडलोट आणि बाटल्या धुणं तिच्याकडे. "अवं अक्का, बोकडाचं रगत हाय, माणसाचं न्हाय. उठा की," म्हणाली. जणू बोकडाचं म्हटलं की लिंगायताच्या घरात चालतंच.

जिने जन्मात अंडं फोडलेलं नाही ती बाई लढाईतल्या जखमांचं संशोधन करायला का गेली, ते लिहून ठेवते, नाही तर महिन्याभराने माझं मलाच आठवायचं नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात आमच्या गुरुलिंगच्या मांडीत गोळी लागली. भाचा खरा, पण माझ्या हाताखाली वाढलेला. रक्त थांबेना. शेजारच्या शीख जवानाने आपली पगडी सोडून करकचून बांधली म्हणून पोरगं परत आलं, तेही कागदासारखं पांढरं होऊन. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, माझ्या मुलीपेक्षा लहान मुलींच्या बाकावर. लग्नामुळे राहिलेलं शिक्षण सगळी कामं उरकल्यावर पुरं करत होते, आणि पुढे काय ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं.

इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्यांत मेजर डॉक्टर हिंदुराव जगदाळे रक्त लवकर थांबवणारं पट्टीचं कापड शोधताहेत. सोलापुरात का, तर पाहिजे तसं कापड इथे मागावर विणून मिळतं. पदवीधर उमेदवार दोघेच. एक मी आणि एक मोहोळचा जालिंदर, वय बावीस. मेजरसाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, "बाई, मार्चअखेरपर्यंत बघू. जमलं तर ठेवतो. नाही तर तुम्ही घरी सुखी, आम्ही इथे सुखी."

हे त्यांनी मी पडायच्या आधी सांगितलं. 

८ जानेवारी

आज पडले नाही. बाटलीकडे बघताना मनात 'ॐ नमः शिवाय' म्हटलं, ते पुरेना तेव्हा कॉन्व्हेंटमधलं 'हेल मेरी' म्हटलं. दोन्हीकडून मदत आली. शंकर आणि मेरी यांची आपसात कधी तक्रार असेल असं मला लहानपणीही वाटलं नव्हतं.

सिस्टर ॲग्नेस मला नेली म्हणायच्या. नीलाम्बिका त्यांच्या जिभेवर मावत नव्हतं. "नेली, रोज एक तरी खरं वाक्य लिहीत जा," असं सांगायच्या. आजचं खरं वाक्य: मला भीती वाटते, पण रक्ताची कमी आणि घरी बसवतील याची जास्त.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. माझी नणंद नागूबाई हिने पैज लावली होती की संक्रांतीच्या आत मी घरी बसणार. आज तिळगूळ देताना म्हणाली, "वहिनी, रक्ताला शिवलेल्या हाताचा तिळगूळ कसा घेऊ गं?" मी म्हटलं, "साबणाने धुतलेला हात आहे." ती म्हणाली, "साबणाने काय होतंय!" आणि तीन वड्या घेतल्या.

संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर जाऊन आलो. गर्दीत ह्यांच्या ओळखीचे एक व्यापारी भेटले. त्यांनी विचारलं, वहिनी कुठे नोकरीला लागल्या म्हणे? हे म्हणाले, "कापसाच्या खात्यात."

हे म्हणजे वीरभद्रप्पा. वहीत नाव लिहिलं म्हणून कुणाचं आयुष्य कमी होत नसावं. चाटी गल्लीत सुताचा व्यापार आहे. चौतीस वर्षांत स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतलेला नाही. पण मी बी.एस्सी.चा अर्ज भरला तेव्हा फॉर्मवर सही करून पेन खाली ठेवलं आणि विचारलं होतं, "डबा कोण करणार?" मी म्हटलं, "मीच." "मग काय," म्हणाले. त्याला मी परवानगी समजले.

२९ जानेवारी

आजपासून मला हाताचं काम मिळालं. इतके दिवस रजिस्टरमध्ये आकडेच भरत होते.

काम असं. रोज सकाळी जालिंदर थर्मासमधून रक्त आणतो. रक्त बाहेर आलं की गोठणार. ते गोठू नये म्हणून त्यात एक पांढरी पूड घालतात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, आणि ही पूड तेच बांधून ठेवते. चाचणीच्या वेळी मोजून थोडं कॅल्शियमचं पाणी परत घालायचं. मग ते रक्त सावकाश गोठू लागतं. त्याचे थेंब कापडाच्या घडीवर टाकायचे आणि कुठल्या कापडावर आधी गोठतं ते घड्याळ लावून बघायचं. एक ते तीन नंबरची कापडं साधी. चार नंबर मेजरसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं, उलटसुलट पिळाच्या सुताचं. ते शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराने खास विणून दिलंय.

घड्या आठ पदरी हव्यात, पानाएवढ्या, आणि कडा दाबलेल्या. जालिंदरच्या घड्या पतंगासारख्या होतात. सोजरबाईच्या हाताला भेगा आहेत, धागा अडकतो. मी एक घडी घातली. मेजरसाहेबांनी ती उलटीपालटी करून बघितली. "कुठे शिकलात?"

कुठे शिकणार? चौतीस वर्षं रोज दुपारी विड्याची घडी घालतेय.

ह्यांना जेवणानंतर विडा लागतो आणि तो माझ्याच हातचा लागतो. म्हणून मी दुपारी टांग्याने बाळीवेशीत घरी जाते, ह्यांना वाढते, पान लावते, एक त्यांना, एक मला, आणि तशीच पळत परत येते. टांगेवाला मला बघितलं की घोड्याला सांगतो, "चल रे, पानवाल्या मावशी आल्या."

५ फेब्रुवारी

चार नंबर जिंकला! जिंकला म्हणजे काय, बाकीचे तीन उभे असताना हा पोचून घाम पुसत होता. मेजरसाहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे की नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

काम वाटून घेतलंय. सकाळी एक ते तीन, दुपारी मी घरून परत आल्यावर चार. आज दुपारी मेजरसाहेब पहिल्यांदा हसले. त्यांना खालच्या बाजूला एक सोन्याचा दात आहे, हे प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

घरी सांगितलं. ह्यांनी सुताची जाडी तेवढी विचारली, "कुठल्या काउंटचं सूत आहे?"

१३ फेब्रुवारी

चार नंबरला एक खोड निघाली. माझ्या घडीवर गोठतं, जालिंदरच्या घडीवर नाही.

मेजरसाहेबांनी आधी जालिंदरला झापलं. मग त्याच्या घड्या मोजपट्टी लावून माझ्यासारख्या करून घेतल्या. तरी नाही. मग माझ्या दाबण्यात काही आहे का म्हणून मला तराजूवर बोट दाबायला लावलं. मग बोटाच्या उबेने होतं का म्हणून थर्मामीटर माझ्या चिमटीत धरायला दिला. मी वर बघत अर्धा तास तशीच बसले. पुढ्यात स्वतः मेजरसाहेब माझ्या बोटांकडे एकटक बघत बसलेले. सोजरबाई दारात फडकं घेऊन उभी होती, तिला राहवेना.

"साहेब, अक्काच्या हाताला गुण हाय. आमच्या मंद्रूपात एक म्हातारी हुती, तिनं नुसतं चोळलं तरी मुरगळा जायचा. त्येला थर्मामीटर लावून काय कळतंय?"

"सोजरबाई, इथे विज्ञान चाललंय."

"व्हय की. मी कुटं न्हाय म्हनतीय."

जालिंदर मला म्हणाला, "काकू, माझ्या परीक्षेच्या दिवशी जरा डोक्यावर हात ठेवा." मी हसले. पण खरं वाक्य लिहायचं तर, मला आतून फार गोड वाटलं. लहानपणापासून मला कुणी विशेष काही म्हटलं नव्हतं. नेली नीटनेटकी आहे, एवढंच प्रगतिपुस्तकात यायचं.

टांग्यात बसल्यावर स्वतःचे हात बघत राहिले. सुपारीने बोटं काळपट झालीत, नखं पांढुरकी. दिसायला काही खास नाही.

२६ फेब्रुवारी

हे परवा मंद्रूपला गेले. चुलत भावाच्या घरी वाटणीचं काही आहे, दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. दुपारी घरी जाऊन काय करू, म्हणून डबा घेऊनच येते. एकटीसाठी पान लावावंसंही वाटत नाही. पानाचा डबा घरीच वर कपाटात ठेवून दिलाय.

२ मार्च, शनिवार

हात गेला.

आठवडाभर चार नंबर सरळ हरतोय. माझ्याच घड्या, तेच सूत, दुपारची तीच वेळ. रक्त घडीवर पडतं आणि तसंच पातळ बसून राहतं. मेजरसाहेबांनी दात पुन्हा लपवला. आज तर म्हणाले, "बाई, तुमचं लक्ष कुठे आहे?"

मला ठाऊक आहे कुठे आहे. मंद्रूपला.

लिहायला लाज वाटते, पण खरं वाक्य आहे. हे घरात नसले की माझा हात कशालाच लागत नाही. परवा आमटीत मीठ दोनदा पडलं. चौतीस वर्षं ज्या माणसाने कधी "बरी झाली भाजी" म्हटलं नाही, त्याच्यावाचून माझा हातगुणही चालेना म्हणजे काय! लग्न झालं तेव्हा मी अठराची होते. गाडीत माझ्या हातातून खिडकीबाहेर रुमाल उडून गेला, तर ह्यांनी आपला काढून दिला आणि सगळा प्रवास तोंड वळवून बसले, मला वापरायला संकोच वाटू नये म्हणून. ते आज दुपारी घडी घालताना आठवलं आणि घडी बिघडली.

सोजरबाईला बोलता बोलता सांगितलं. तिने लगेच प्रयोगशाळाभर केलं.

७ मार्च

हे काल परत आले. सामान खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "पान लाव. तिकडे धाकटी वहिनी द्यायची विडा. तोंडात धरवत नव्हता."

"मग काय केलंत इतके दिवस?"

"नाही खाल्लं."

आज दुपारी जेवण, विडा, टांगा, घडी. चार नंबर जिंकला! मेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम खिडकीबाहेर बघू लागले. सोजरबाई म्हणाली, "आलं का न्हाय मालक घरी? मी म्हनलं न्हवतं?" जालिंदर टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधायला वाकला तो पाच मिनिटं वर येईना, आणि टेबल हलत होतं.

बावन्नाव्या वर्षी मी लाजले. भर दिवसा, बोकडाच्या रक्तासमोर.

१४ मार्च

पुण्याहून कर्नलसाहेब येणार आहेत, पुढच्या शुक्रवारी. त्यांना पटलं तर चार नंबर सरहद्दीवरच्या तुकड्यांना वापरून बघायला पाठवणार, आणि आमच्या दोन खोल्या पुढे चालू राहणार. नाही पटलं तर मार्चनंतर कुलूप. मेजरसाहेबांनी हे खुर्चीवर हात टेकून, उभ्यानेच सांगितलं. पुढे म्हणाले, "ते सकाळी अकराला येतील. घड्या बाईच घालतील."

अडचण अशी, की सकाळी माझा हात चालत नाही. दोन दिवस करून बघितलं. सकाळच्या घड्या मुक्या.

मेजरसाहेब रात्री झोपत नसावेत, डोळे लाल दिसतात. त्यांना इतक्या घाईने हे कापड का हवंय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण जालिंदर सांगत होता, त्यांच्या टेबलाच्या खणात सतरा-अठरा जवानांचा एक फोटो आहे. तो ते कुणाला दाखवत नाहीत.

२० मार्च

सोजरबाईने तोडगा काढला. "मालकास्नी हितं आना. ते समोर बसले की अक्काचा हात चालतोय. साधं हाय." मला वाटलं मेजरसाहेब तिला बाहेर काढतील. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या रंगीत तालीम करू. बघायला काय हरकत आहे? शास्त्रात सगळ्या शक्यता तपासतात."

घरी ह्यांना कसं सांगायचं? "माझ्याकडे बघत बसायला या" असं कुठल्या तोंडाने म्हणू? शेवटी म्हटलं, "साहेबांना सुताबद्दल काही विचारायचंय." हे म्हणाले, "मी म्हटलंच होतं, काउंटचा घोळ असणार."

२१ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

हे साडेदहाला आले. कोट, टोपी, काठी, आणि काखेत माझा पानाचा डबा. मेजरसाहेबांनी मानाने स्टुलावर बसवलं. बाटली दिसताच ह्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "नमस्कार. सूत दाखवा."

सूत दाखवलं. पिळाबद्दल ह्यांनी बरंच सांगितलं. मग मी घडी घातली, हे समोर. थेंब टाकले. काहीच नाही.

"आणखी जवळ बसा," सोजरबाई म्हणाली. हे स्टूल ओढून जवळ बसले. काहीच नाही. जालिंदर म्हणाला, "काका, जरा हसून बघा काकूंकडे." ह्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. इतका वाईट फोटो आमच्या लग्नातही आला नव्हता. तरीही काहीच नाही.

साडेबारा वाजले. मेजरसाहेब कोपऱ्यात डोकं धरून बसले. सगळ्यांनी डबे खाल्ले, ह्यांनी माझ्या डब्यातलं खाल्लं आणि पानाचा डबा पुढे सरकवला. "एवढ्यासाठी तर आणलाय."

तिथेच टेबलाच्या कडेला पान लावलं. देठ खुडला, चुनाळ्यातून बोटाने चुना घेऊन पानावर ओढला, कात, सुपारी, वेलदोडा, घडी, लवंग. ह्यांना दिलं. माझंही केलं. नळाला दुपारी पाणी नसतं, म्हणून रोजच्यासारखं बोट पदराला पुसलं आणि गॉजचा तुकडा उचलला. एक घडी, दोन घड्या, कड दाबली.

मेजरसाहेबांच्या टेबलावर काळं रेक्झिन आहे. रोज मी माझ्या टेबलावर घड्या घालते, त्यावर पांढरा कागद असतो. आज माझ्या टेबलावर पानाचा पसारा होता म्हणून इकडे सरकले. घडी खाली ठेवली, आणि काळ्या रेक्झिनवर, घडीच्या शेजारी, माझ्या बोटाचा ठसा उमटला. पांढरा, रांगोळीच्या ठिपक्यासारखा.

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. जालिंदरने थेंब टाकले. रक्त बघता बघता गोठलं.

"झालं! मालकांनी पान खाल्लं की हुतंय!" सोजरबाईने टाळी वाजवली. मेजरसाहेब धावत आले. दात पूर्ण दिसत होता. "बाई, ठरलं. उद्या अकराला ह्यांना पान द्यायचं. तेही कर्नलसाहेबांच्या समोर, मला काही फरक पडत नाही!"

चुना म्हणजे कॅल्शियम. हे मी बी.एस्सी.च्या पेपरात लिहून सहा मार्क मिळवले होते.

पदराने तो ठिपका पुसता आला असता. पदर हातातच होता. उद्या कर्नल आले असते, मी पान लावलं असतं, कापड जिंकलं असतं, मेजरसाहेबांची प्रयोगशाळा राहिली असती, मी राहिले असते, आणि सगळ्यांनी मला हातगुणाची बाई म्हटलं असतं. पण मग ते कापड पेटीत भरून कुठे गेलं असतं? गुरुलिंगच्या मांडीकडे. त्याच्या रक्तात तर कुणी पूड घातलेली नाही. त्याच्यात कॅल्शियम आधीच पुरेसं आहे, तरी वाहतच होतं ना ते. तिथे माझं कापड म्हणजे नुसतं कापड. शेजारच्याने मग पगडी सोडली नसती. सरकारी पट्टी आहे म्हटल्यावर कोण सोडेल?

मी म्हटलं, "साहेब, पान ह्यांनी खाल्ल्याने नाही होत. मी लावल्याने होतं."

आणि चुनाळं उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. मग जालिंदरने सकाळी घातलेली एक कोरी घडी उचलली, अगदी पतंगासारखी, तिला बोटाने चुना लावला आणि त्याला थेंब टाकायला सांगितलं.

गोठलं.

 मेजरसाहेबांचा दात हळूहळू आत गेला. त्यांनी ती घडी हातात घेतली, नाकाशी नेली, खाली ठेवली. मग टोपी घालून बाहेर निघून गेले. सोजरबाई पुटपुटली, "पर हात तर अक्काचाच हाय की."

 टांग्यात, बाळीवेस आल्यावर, हे एवढंच म्हणाले, "सूत चांगलं होतं. सुताचा दोष नाही."

२२ मार्च

कर्नलसाहेब येऊन गेले. मला वाटलं मेजरसाहेब काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, चार नंबर नापास. साध्या गॉजपेक्षा काडीचा फरक नाही. दीड महिना आम्ही चुना तपासत होतो."

कर्नलसाहेबांनी सगळं ऐकलं. हसले नाहीत, आणि तेच जास्त भीतीचं होतं. चुनाळं मागवून बघितलं. पितळी, माझ्या आईचं. विचारलं, "हे कुणी शोधून काढलं?"

"जिने केलं तिनेच, सर."

मी हात पदराखाली घेतले. कर्नलसाहेब इंग्रजीत म्हणाले, की कापड सरहद्दीवर गेल्यावर हे कळलं असतं तर त्यांना काही आयांना पत्रं लिहावी लागली असती. मग चहा न घेता उठले. दारात मेजरसाहेबांशी काहीतरी बोलले, ते ऐकू आलं नाही. गाडी गेली. मेजरसाहेब आत येऊन कपाट लावत बसले, पाठ आमच्याकडे करून. मी माझी पिशवी भरली. जालिंदरने विचारलं, "काकू, पानाचा डबाही नेता?" मी म्हटलं, "नेते." सोजरबाईने डोळ्याला फडकं लावलं, ते बाटल्या पुसायचं होतं.

उद्या फक्त रजिस्टरवर शेवटची सही करायला जायचं. नागूबाईला सांगायला हवं, पैज तू जिंकलीस, दोन महिन्यांनी का होईना.

२३ मार्च, शनिवार

सही करायला गेले. मेजरसाहेब पाच नंबरचं कापड कापत बसले होते. वर न बघता म्हणाले, "सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली आहे. सोजरबाई पाण्याचं पिंप आणि साबण ठेवेल. सोमवारी साडेनऊला या. आणि नखं कापून या."

मी म्हटलं, "साहेब, सही कुठे करायची?"

"कसली सही?"

मी तशीच उभी. जालिंदर मागून हळूच म्हणाला, "काकू, नखं कापा म्हणतायत. जाणाऱ्या माणसाला कुणी नखं कापा म्हणतं का?"

टांगेवाल्याला आज मी चार आणे जास्त दिले. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, "नखं कापायची आहेत." तो घोड्याकडे बघत राहिला.

२५ मार्च

काल पाडवा झाला. आज साडेनऊला गेले, नखं कापून.

दुपारी घरी आले, ह्यांना वाढलं. हात धुऊन पानाचा डबा काढायला वळले, तर डबा ह्यांच्या पुढ्यात. चष्मा नाकावर, मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर खुडलेले देठ.

"राहू दे," म्हणाले. "तुला परत कामावर हात लावायचाय."

"अहो, मी धुते की साबणाने."

"साकु, साकु," पुरे म्हणायला ह्यांना कानडीच लागतं. "बस तू."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी बसले आणि ह्यांनी पान लावलं. चुना घ्यायला सगळं बोट चुनाळ्यात बुडवलं. सुपारीचा खडा अडकित्त्यातून उडून देव्हाऱ्यात गेला. घडी जालिंदरसारखी, पतंग. लवंग टोचायला गेले तर पान फाटलं, मग दुसरं पान त्यावर गुंडाळलं, जखमेवर पट्टी बांधावी तसं. एक स्वतःला केलं आणि एक माझ्यापुढे धरलं.

"कसा झालाय?"

चुना इतका होता की जीभ सोलून निघाली. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा मेजरसाहेबांनी पाच नंबरबद्दल काही विचारलं, तर मला नीट बोलता येईना, मी नुसती मान हलवली. रात्रीची आमटी तोंडाला लागू दिली नाही, दूधभात खाल्ला.

ह्यांना सांगितलं, "छान झाला होता." आजच्या वहीत तेवढं एकच वाक्य खोटं आहे. सिस्टर ॲग्नेस माफ करतील. उद्याही ह्यांच्याच हातचा खाणार आहे.